रिकाम्या खोलीतला पंखा

तुमच्या मुलीला मेडिकलची जागा मिळाली आणि जावेने विचारलं, "कुठला क्लास लावला होता?" तर तुम्ही तिला खरं सांगाल का? उत्तराची घाई करू नका. मी सारी नोकरी पोलीस खात्यात काढली आहे. घाईत दिलेलं "हो, सांगेन की" मला लगेच ओळखू येतं.

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो एका प्रकरणामुळे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात एक ओळही आली नाही. तरी मेट्रोच्या खांबांवर भावी डॉक्टरांचे हसरे फोटो लागले की ते प्रकरण अख्खं समोर उभं राहतं. माणसांची नावं मी देणार नाही. आम्ही तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. आमची घरातली मराठी पुण्याच्या माणसाला अर्धीच कळते, म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं साध्या मराठीत लिहिते.

चेन्नईच्या मैलापूर भागातल्या एका ठाण्यात मी तेव्हा पोलीस निरीक्षक होते. नीटचा निकाल लागला होता आणि मेडिकलच्या प्रवेशफेऱ्या तोंडावर आल्या होत्या. एका सकाळी ठाण्याचा फोन वाजला. हवालदाराने उचलला, थोडं ऐकलं आणि माझ्याकडे दिला. पलीकडे बाई होती. आवाज दाबलेला, तमिळ स्वच्छ.

"देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत एक घर आहे. त्यांच्या मुलीने नीटचा पेपर स्वतः दिला नाही. तिच्या जागी दुसरं कोणीतरी बसलं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"घरचे सांगतात, वर्षभर घरी बसून अभ्यास केला. ती घरात नव्हतीच. परीक्षासुद्धा चेन्नईत दिली नाही. जी घरी नव्हती तिने अभ्यास कधी केला? मागच्या वेळी नापास झालेली मुलगी एकदम एवढ्या वर कशी गेली?" मग ती म्हणाली, "त्यांना एवढंच विचारा, नवरात्रात कोलूच्या दिवशी त्या खोलीत पंखा कोणासाठी फिरत होता."

फोन ठेवला गेला. नंबर अण्णा नगरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. दुकानात दिवसभर गर्दी. मालकाला कोणाचाही चेहरा आठवत नव्हता.

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि सहायक आयुक्तांना कळवलं. तोतया उमेदवारांच्या बातम्या अधूनमधून येत असत, त्यामुळे साहेब खुर्चीत सरसावून बसले.

"ताबडतोब गुन्हा नोंदवा. आपण उशीर केला तर श्रेय दुसरं ठाणं घेऊन जाईल."

"साहेब, आधी प्राथमिक चौकशी करते."

"का?"

"एकदा गुन्हा नोंदला की मुलीची जागा अडकली. ती निर्दोष ठरेपर्यंत प्रवेशफेऱ्या संपतील. मग तिला आपण काय देणार, चारित्र्याचा दाखला?"

साहेबांना हे बोलणं आवडलं नाही. पण लेखी आदेश द्यायलाही ते तयार नव्हते. खात्यात अशा वेळी मोकळीक मिळते, ती मी घेतली.

मुलीला मी ठाण्यात बोलावलं नाही. स्त्रीचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. हा नियम पुस्तकात आहे आणि बहुतेक ठिकाणी पुस्तकातच राहतो. मी साध्या वेशात, एका महिला शिपायाला बरोबर घेऊन गेले.

दारावर राक्षसाचं तोंड रंगवलेला कोहळा टांगलेला होता. दृष्ट लागू नये म्हणून इकडे घरोघरी टांगतात. पण या घरात कोहळ्याखाली लिंबू-मिरची होती, त्याखाली तुरटीचा खडा, आणि उंबऱ्याच्या कोपऱ्यात आणखी एक छोटा कोहळा. दृष्टीची इतकी तयारी मी सोनाराच्या दुकानातही पाहिली नव्हती.

वडील सरकारी कचेरीतले कारकून. मी ओळखपत्र दाखवलं तसं त्यांनी आधी दार लावून घेतलं. मी विचारलं, "गेलं वर्षभर मुलगी कुठे होती?"

"तंजावरला, आजीकडे," वडील म्हणाले.

"इथेच, घरी," आई त्याच क्षणी म्हणाली. ती नुकतीच स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली होती.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरा-बायको एकाच वेळी दोन वेगळ्या थापा मारतात, तेव्हा खोटं जुनं असतं, फक्त तालीम झालेली नसते. गुन्हेगार तालीम करतात. ही माणसं गुन्हेगार वाटत नव्हती, पण काहीतरी लपवत नक्की होती.

आडनाव आमच्यातलं होतं म्हणून मी मराठीत बोलले, तशी आई जरा सैल झाली. "तुम्ही आपल्यातल्याच का?" म्हणत कॉफी आणायला उठली. मी तिला बसवलं.

"कॉफी नंतर. आधी एवढं सांगा, कोलूच्या दिवशी त्या खोलीत पंखा कोणासाठी फिरत होता?"

आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तो कोलू. बायका एकमेकींकडे कोलू बघायला जातात, गाणं म्हणतात, हळदकुंकू आणि सुंडल घेऊन परततात. सुंडल म्हणजे खोबरं घातलेली चण्याची उसळ. त्या दिवसांत घर सगळ्यांना उघडं असतं. लपवायला याहून वाईट दिवस नाही.

"तिने सांगितलं तुम्हाला?" आई म्हणाली.

"कोणी?"

"माझ्या धाकट्या जावेने. अण्णा नगरला राहते ती, तिचीही मुलगी यंदा नीटला बसली. त्या दिवशी तीच सुंडलची वाटी घेऊन आत गेली होती."

पुढचं सगळं भराभरा बाहेर आलं. मुलगी वर्षभर चेन्नईपासून दूर एका निवासी क्लासमध्ये होती. परीक्षाही तिने तिथल्याच केंद्रावर दिली. नातेवाइकांना मात्र सांगितलं, घरीच वाचते, क्लास नाही. कोलूला पाहुणे येणार म्हणून आईने मुलीच्या खोलीचं दार लोटून घेतलं, आत दिवा लावला, पंखा सुरू केला, दाराबाहेर तिच्या चपला मांडल्या. कोणी विचारलं की बोटाने गप्प करायचं, "श्श, वाचतेय." धाकट्या जावेला पुतणीची दया आली. पोरीला निदान सुंडल तरी द्यावं म्हणून तिने दार ढकललं. आत कोणी नव्हतं. पंखा फिरत होता.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"शेजारी गेली असेल म्हटलं. ती काही बोलली नाही. वाटी टेबलावर ठेवून बाहेर आली आणि गाणं म्हणायला बसली."

"क्लासला पाठवणं हा काही गुन्हा नाही. मग लपवलंत कशाला?"

"पहिल्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं, मॅडम. मुलगी डॉक्टर होणार म्हणून. सगळ्यांनी वा वा केलं आणि पोरगी पडली. सगळ्यांच्या डोळ्यांनी पडली. या वेळी देवळात नेऊन तिला शपथ घातली, जागा हातात येईपर्यंत कुठे होतीस ते बोलायचं नाही."

"घरच्या माणसांनाही नाही?"

"दृष्ट घरच्यांचीच लागते. बाहेरच्यांना काय पडलंय?"

दृष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही. कॉलेजात असताना मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत फिरले आहे आणि त्यापायी घरी जेवण बंद झालेलं आहे. पण मला दुसरंच काही खटकत होतं. मी सरळ विचारलं, "अक्का, दृष्टीसाठी लपवलंत, की जावेची मुलगी मागे राहावी म्हणून?"

तिने कोलूच्या पायऱ्या ठेवलेल्या माळ्याकडे पाहिलं.

"एकच जागा असते, मॅडम."

"जागा पुष्कळ असतात. राज्यभर कॉलेजं आहेत."

"राज्यात असतील. आमच्या घरात एकच."

इतकी वर्षं मी मत्सरापायी झालेले गुन्हे पाहिले. शेजाऱ्याची गाडी जाळणारा पाहिला, भावाच्या विहिरीत विष टाकणारा पाहिला. पण मत्सराचं इतकं स्वच्छ वर्णन कोणत्याही जबाबात मिळालं नव्हतं.

मुलगी आतल्या खोलीत होती. मी तिच्याशी एकटीने बोलले. हडकुळी पोर, नाकाच्या छिद्रात चमकीच्या जागी कडुलिंबाची काडी. मी आधी परीक्षेचं काहीच विचारलं नाही.

"काडी कशाला?"

"छिद्र पिकलंय. आजीने लहानपणी नाकात घातलेली मूगुती, कधी काढलीच नव्हती. परीक्षेच्या दारात तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, धातूचं काही चालणार नाही. निघेचना. शेवटी त्यांनी साबण लावून ओढली. रक्त आलं. पहिले काही प्रश्न मी नाकाला रुमाल धरून सोडवले." ती किंचित हसली. "जीवशास्त्रात रक्त गोठण्यावरच एक प्रश्न होता."

हा पुरावा नव्हे. पण तपासात अशा गोष्टी दिशा दाखवतात. दुसऱ्याला पेपरला बसवणाऱ्या मुलीच्या नाकात काडी नसते.

मग तिने तिचे गुण सांगितले. माझी स्वतःची मुलगी तेव्हा अकरावीत होती. आकडा ऐकला आणि चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला मत्सर वाटला. सरळ, झणझणीत. मी वहीत आकडा लिहिला आणि पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

"क्लासमुळे मिळाले?" मी विचारलं. हा प्रश्न चौकशीचा नव्हता.

"निम्मे," ती म्हणाली. "शिकवतात ते सगळं पुस्तकात आहे. रोज परीक्षा घेतात, त्याचा उपयोग झाला. बाकी जेवण वाईट, झोप नाही, मुली बाथरूममध्ये जाऊन रडतात. आधी मी आणि अण्णा नगरची माझी चुलत बहीण फोनवर एकमेकींना प्रश्न विचारायचो. तेव्हा जास्त लक्षात राहायचं. अम्माने ते बंद केलं."

मी हवालदाराला त्या क्लासच्या गावी पाठवलं. हजेरी, वसतिगृह, वॉर्डनचा जबाब, सगळं जुळलं. परीक्षेच्या दिवशी घेतलेले ठसे आणि मुलीचे ठसे आमच्या तज्ज्ञाने ताडून पाहिले, तेही जुळले. पेपर तिनेच दिला होता. क्लासचा व्यवस्थापक फोनवर मलाच गाऱ्हाणं सांगायला लागला. "मॅडम, तिचा फोटो फलकावर लावू द्या म्हणून त्या आईला किती विनवलं. नको म्हणते. लोक आमच्या पाया पडतात फोटोसाठी." मग आवाज मऊ करून त्याने विचारलं, "तुमचं मूल कितवीत आहे?"

बघा, हा धंदा असा चालतो. एका मुलीचा फोटो टांगायचा आणि शंभर घरांत आग लावायची. आग लागलेली माणसं पाणी घ्यायला त्याच्याच दारात जातात. आणि जी घरं फोटो टांगू देत नाहीत, ती तोंड शिवून त्याचंच काम करतात. कोणीच काही सांगत नसलं की फलक सांगेल तेच खरं.

ठाण्यात अहवाल दिला. तथ्य नाही, गुन्हा नोंदवण्याचं कारण नाही. सहायक आयुक्तांनी सही केली, दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "क्लास कुठला म्हणालात? माझा धाकटा बारावीत आहे. आणि हे दुसऱ्या कोणाला सांगू नका."

बाहेर आल्याबरोबर हवालदाराने त्याच क्लासबद्दल विचारलं, साहेबांहूनही लाजत. तिथे जाऊन आलेला तोच होता, पण आत शिकवतात कसं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला मुलीने सांगितलेलं सगळं सांगितलं. रोजच्या परीक्षांचं सांगितलं आणि बाथरूममधल्या रडण्याचंही. मोठ्याने सांगितलं, म्हणजे आत साहेबांनाही ऐकू जाईल.

खोटी खबर देऊन पोलिसांना कामाला लावणं हा गुन्हा आहे. म्हणून मी अण्णा नगरला गेले, पुन्हा साध्या वेशात. धाकटी जाऊ एका विमा कचेरीत नोकरीला. तिने दार उघडलं, माझं ओळखपत्र पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाली. बैठकीच्या भिंतीवर अभ्यासाचं वेळापत्रक अजून चिकटवलेलं होतं.

"मीच फोन केला," ती म्हणाली. "कॉफी घेणार?"

"घेईन. आधी सांगा."

"मागच्या वर्षी आमच्या यांची तयारी होती, भविष्यनिर्वाह निधी मोडून पैसे भरायची. निवासी क्लासचा अर्जही आणला होता. मी म्हटलं, थांबा, थोरल्या जाऊबाईंना विचारते, त्यांची मुलगीही दुसऱ्यांदा बसतेय. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून विचारलं. भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'क्लास कसले लावतेस, समुद्रात पैसे टाक त्यापेक्षा. आमची घरीच वाचते.' मी घरी येऊन अर्ज फाडला."

"आणि कोलूच्या दिवशी?"

"खोली रिकामी बघितली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. वाटलं, जाऊबाईंची पोरगी कुठेतरी भटकतेय आणि आई पंखा फिरवून इज्जत राखतेय. माझी घरात मान मोडून वाचतेय. त्या दिवशी मी फार सुंदर गायले, मॅडम. सगळ्या म्हणाल्या."

"क्लासला गेली असेल असं वाटलं नाही?"

"क्लासला घातलं तर लोक मिरवतात. लपवायचं कशाला? क्लास म्हणजे काय चोरी आहे?"

मी वहीचं पान उलटलं.

"मग निकाल लागला," ती म्हणाली. "दोघी एका घरातल्या, एका वयाच्या, दोघी घरी बसून वाचलेल्या. एकीला जागा, एकीला नाही. आता मी काय समजायचं? एक तर माझी मुलगी मूर्ख, नाही तर त्यांची चोर. माझ्या मुलीला मूर्ख म्हणायला मी तयार नव्हते."

आतून तिची मुलगी आली आणि दाराला टेकून उभी राहिली. सगळं ऐकलेलं होतं. मी दोघींना सांगितलं, मैलापूरची मुलगी क्लासला होती, पेपर तिनेच दिला. धाकट्या जावेने भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. तिने पुतणीची जागा घालवायचा प्रयत्न केला होता. मी सहायक आयुक्तांचं ऐकलं असतं तर ती गेलीही असती. ते तिला आता कळलं. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"म्हणजे माझ्या पोरीचं वर्ष त्या एका वाक्याने गेलं?"

"अम्मा, माझं वर्ष कोणी नेलं नाही," मुलगी म्हणाली. "मला नीट झोप मिळाली, तिला ती पण नाही मिळाली असेल."

मी लेखी ताकीद दिली. कारवाई करू नये असं मैलापूरच्या मुलीनेच सांगितलं होतं. "काकूवर केस केलीत तर मी नाकातली काडी काढून त्यांच्या घरी राहायला जाईन," ही तिची धमकी. काडीचा आणि केसचा संबंध मला कळला नाही, पण धमकी खरी वाटली.

निघताना धाकट्या जावेने विचारलं, "आता तुम्हीच सांगा. यंदा पैसे भरायचे की नाही?"

"मला विचारू नका. जिने वर्ष काढलंय तिला विचारा."

"जाऊबाई बोलू देतील?"

"ती आता आईला विचारत नाही."

खरंच नाही विचारलं. मुलीने त्याच संध्याकाळी बहिणीला फोन केला, शपथ मोडून, जागा हातात यायच्या आधी. दोघी खूप वेळ बोलल्या. क्लास कुठला, फी किती, काय शिकवतात, काय नुसतं दाखवतात, किती मुली मधूनच घरी परततात, सगळं. काकू बाजूला बसून ऐकत होती. अण्णा नगरच्या घराने पैसे भरले नाहीत. त्या मुलीने स्वतः नको म्हटलं आणि फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. तिची आई मला नंतर म्हणाली, "वाईट वाटतं, मॅडम. पण आता निदान हे आम्ही ठरवलंय. मागच्या वर्षी दुसऱ्याच कोणी ठरवलं होतं."

मैलापूरच्या मुलीला जागा मिळाली. पुढच्या कोलूला तिच्या आईने मला बोलावलं. खोलीचं दार उघडं होतं, पंखा बंद. धाकटी जाऊ आली नव्हती, तिची मुलगी आली होती. दारावर कोहळे मात्र तीन झाले होते. सगळी माणसं सुधारतात असं मला खात्यात कोणी शिकवलं नाही.

माझ्या मुलीचं मी काय केलं, असं कोणी विचारेल. तिला मैलापूरच्या मुलीसमोर बसवलं आणि मी बाहेर गेले. ठरवलं तिने.

हे प्रकरण मला एवढंच शिकवून गेलं की मत्सर फोटो बघून पेटतो, पण पोसला जातो तो लपवाछपवीवर. ज्या बाईला खरं सांगितलेलं असतं ती हळहळते, रडते, कदाचित चार दिवस बोलत नाही. जिला खोटं सांगितलेलं असतं ती कधीतरी झेरॉक्सच्या दुकानात जाते.

म्हणून एक काम करा. तुम्हाला कोणीतरी कधीतरी विचारलं होतं, "कुठला क्लास?" आणि तुम्ही म्हणाला होतात, "छे, घरीच." तो चेहरा तुम्हाला आत्ताही आठवतो आहे. तिला आज फोन करा. क्लासचं नाव सांगा, किती पैसे गेले ते सांगा, त्यातले किती वाया गेले तेही सांगा. तिचं मूल अजून परीक्षेला बसायचं असेल तर उद्यावर टाकू नका.